उपलब्ध नसल्यास

दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं, त्यातली चूक हुडकायची आणि स्वतः एक ओळही न लिहिता खाली सही ठोकायची, ह्याला बँकेत 'पासिंग' म्हणतात आणि साहित्यात समीक्षा. पहिल्या धंद्यात माझी २२ वर्षं गेली. दुसऱ्यात पडायची हिंमत कधी झाली नाही. आम्ही पडलो कॉमर्सवाले. 'रस' हा शब्द कानावर आला की आमच्या डोळ्यांपुढे एकतर ऊस येतो, नाहीतर हापूस. भरतमुनी येत नाहीत. पण गेल्या थंडीत एका रविवारच्या पुरवणीत एक साहित्यकृती माझ्या वाचनात आली आणि तिने मला असं काही छळलं, की तिची समीक्षा केल्याशिवाय हे खातं बंद व्हायचं नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

साहित्यकृतीचं नाव : 'जपानी पद्धतीचं मॅरिनेटेड ग्रिल्ड लॅम्ब, घरच्या घरी!'

पुरवणीचं नाव सांगत नाही, आणि लेखिकेचंही नाही. बाईंनी माझं काही घोडं मारलेलं नाही. बकरं मारलं, पण त्याचे पैसे मी माझ्या खिशातून आणि राजीखुशीने दिले होते.

समीक्षक मंडळी शीर्षकापासून सुरुवात करतात, तर आपणही तिथूनच करू. ह्या शीर्षकातला सगळ्यात धोक्याचा शब्द 'मॅरिनेटेड' नव्हे. तो आपण 'मुरवलेलं' म्हणून पचवू शकतो. लोणची मुरवणाऱ्या लोकांना त्याचं कौतुक सांगायला नको. धोक्याचा शब्द आहे 'घरच्या घरी', आणि त्याच्यापुढचं उद्गारचिन्ह. घरच्या घरी केस कापून घेतलेले सद्‌गृहस्थ मी पाहिले आहेत. घरच्या घरी नळ दुरुस्त करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांमुळे खालच्या मजल्यावर पावसाळा अकरा महिने असतो. तरीही मी वाचत गेलो.

आता साहित्याची यादी. पाककृतीतल्या मालमसाल्याला 'साहित्य' हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला, तो माणूस समीक्षक असला पाहिजे. यादी अशी : लॅम्ब अर्धा किलो (उपलब्ध नसल्यास मटण). मिरिन तीन चमचे (उपलब्ध नसल्यास मध). साके दोन चमचे (उपलब्ध नसल्यास व्हिनेगर व चिमूटभर साखर). जपानी सोया सॉस (उपलब्ध नसल्यास साधा). तिळाचं तेल (उपलब्ध नसल्यास कोणतंही). ग्रिल (उपलब्ध नसल्यास नॉनस्टिक तवा). शेवटी, 'वरून कोथिंबीर भुरभुरवा.' कोथिंबिरीला मात्र 'उपलब्ध नसल्यास' नाही. सगळा जपान वाहून गेला तरी कोथिंबीर सलामत आहे.

बँकेतही 'नसल्यास' असतं. गिऱ्हाइकाकडे पॅन कार्ड नसल्यास आम्ही फॉर्म ६० भरून घेतो. पण एकाच माणसाकडे पॅन कार्ड नाही, पत्त्याचा पुरावा नाही, फोटो दुसऱ्याचा आणि सही जुळत नाही, तर त्याचं खातं उघडत नाहीत. त्याला बाकावर बसवून मॅनेजरला बोलावतात. इथे सहाच्या सहा पात्रं बदली आलेली आणि नाटकाच्या पाटीवर मात्र मूळ संचाचं नाव! लॅम्ब म्हणजे कोकरू, वर्षाच्या आतली मेंढी. आपल्याकडे मटण म्हणजे बोकड. म्हणजे नायकाच्या जागी नुसता दुसरा नट नाही, दुसऱ्या जातीचा प्राणी उभा आहे.

पण मला खरा खटकला तो शेवट. 'हवे तसे भाजून घ्या व गरमागरम सर्व्ह करा.' ह्या वाक्यात कर्ता नाही. शाळेत आम्हाला ह्याला 'अध्याहृत कर्ता' म्हणायला शिकवलं होतं. आमच्या घरात त्या अध्याहृत कर्त्याचं नाव आई. मला कळायला लागल्यापासून रविवारी मटण आईने केलं, गरमागरम आईने वाढलं, वडील, काका, आम्ही भावंडं जेवून उठलो की मग आई बसायची, आणि तेव्हा पातेल्यात रस्सा असायचा, तळाला दोन-तीन हाडं असायची, आणि जे काय असेल ते गार असायचं. पुढे सौ. आली आणि कर्ता एकवचनी होता तो अनेकवचनी झाला. वाक्य तेच राहिलं.

तेव्हा हे वाक्य मी वाचलं आणि जाहीर केलं : "येत्या रविवारी मटण मी करणार."

सौ.ने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. कन्येने मोबाइलमधून मान वर केली, ही तशी ऐतिहासिकच घटना. आई एवढंच म्हणाली, "नेहमीचं मिळत नाही का हल्ली?"

तो पहिला प्रयोग लवकर आटपतो, कारण तो लवकर आटपला नाही. मटण आणलं ते रश्शाच्या हिशेबाने तोडलेलं, हाडासकट. दुकानात चाचांना 'भाजायचंय' म्हटल्यावर त्यांनी कच्ची पपई लावायचा सल्ला दिला. सल्ला सोळा आणे बरोबर होता. कच्च्या पपईत पपेन असतं, ते मांसाचे धागे सोडवतं, आणि भिवंडीतले निम्मे कबाब त्याच्या जिवावर मऊ आहेत. पण पपई तासाभराचं काम आहे आणि पुरवणी म्हणत होती 'रात्रभर'. मी दोघांचंही ऐकलं. सकाळी झाकण काढलं तेव्हा वरचं मांस शिऱ्यासारखं झालं होतं आणि हाडाजवळचं जसंच्या तसं होतं. एकाच तुकड्यात अतिमऊ आणि अतिचिवट! विरोधाभास अलंकार मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळला.

तव्यावर टाकल्याबरोबर मध जळाला. साखर, मध, गूळ कशाचंही असो, मोठ्या आचेवर गोडाला दम नसतो. ते बाहेरून काळं पडतं आणि आत अजून कच्चं असतं. धूर झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या शाकाहारी कुटुंबाने खिडक्या लावून घेतल्याचे आवाज आले. बाराव्या मिनिटाला सौ. "तुम्ही बसा" म्हणत आत आली आणि 'करणार' हे माझं क्रियापद तिच्या खात्यावर वर्ग झालं. मग ती घाणे काढत राहिली, आई ताटात नेऊन वाढत राहिली, मी आणि कन्या चावत राहिलो. आई शेवटी बसली. एक घास तोंडात घालून, बराच वेळ फिरवून म्हणाली, "मध घातलायस का ह्यात? खोकला कुणाला झालाय?"

एवढ्यावर दुसरा कोणी थांबला असता. पण माझा भाचा, बहिणीचा मुलगा, साप्पोरोला शिकतो. साप्पोरो जपानच्या उत्तरेच्या होक्काइदो बेटावर आहे, आणि आठवड्यातून एकदा तो आजीला फोन करतो. आजीने नातवाला खोकल्याच्या मटणाची साग्रसंगीत हकिगत सांगितली. मग फोन माझ्या हातात आला. पोरगं हसत होतं. "मामा, तुम्ही जिंगिसुकान करायला गेलात का?"

"काय करायला?"

"जिंगिसुकान. चंगीझखान."

मला वाटलं लाइन खराब आहे. पण खरंच त्या पदार्थाचं नाव चंगीझखान आहे. जपानी जिभेवर तो जिंगिसुकान होतो. मंगोल शिपाई म्हणे शिरस्त्राण उलटं घालून त्याच्यावर मांस भाजायचे, म्हणून भाजायचं भांडंही मध्ये फुगीर, टोपीसारखं. ही दंतकथा आहे. दुसरी तर आणखी बहारीची आहे. बाराव्या शतकात योशित्सुने नावाचा एक जपानी वीर होऊन गेला. तो ११८९ साली मेला असं इतिहास सांगतो. पण तो मेला नाही, निसटून होक्काइदोमार्गे मंगोलियात गेला आणि तोच पुढे चंगीझखान झाला, असं सिद्ध करणारं पुस्तक ओयाबे नावाच्या गृहस्थांनी १९२४ साली लिहिलं आणि ते धडाधड खपलं. जगातलं सगळं काही मुळात आमचंच, असं सांगणारी पुस्तकं फक्त आपल्याकडेच निघतात असा माझा समज होता. तो भाच्याने दूर केला.

खरी गोष्ट ह्याहून साधी आहे, आणि ती ऐकताना माझ्यातला बँकवाला जागा झाला. जपानात मेंढी जवळजवळ नव्हतीच. ६७५ साली तिथल्या तेम्मू नावाच्या सम्राटाने मांसबंदी केली, तेव्हा यादीत गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी एवढे होते. मेंढीला मनाई करावी एवढीही तिची हजेरी नव्हती. थेट १८७२ साली मेजी सम्राटाने जाहीरपणे गोमांस खाल्लं आणि लोकांना मोकळीक झाली. तरी मेंढी आली ती खाण्यासाठी नाही. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी लोकर अडवली आणि जपानी सरकारची झोप उडाली. शिपायांचे गणवेश शिवायचे कशाचे? १९१८ साली सरकारने संकल्प सोडला : देशात १० लाख मेंढ्या. सरकारी कुरणं निघाली, त्यांतलं एक होक्काइदोत ताकिकावा गावी, एक साप्पोरोजवळ.

म्हणजे ही योजना लोकरीची. तारण मेंढी, परतफेड लोकरीतून. पुढे दुसरं युद्ध संपलं, बाहेरची लोकर स्वस्तात येऊ लागली, कारखान्यात बनलेले धागे आले, आणि योजना बुडाली. कर्ज बुडालं की बँक काय करते? तारण ताब्यात घेते. शेतकऱ्यांनी तारण खाऊन टाकलं. १९५६ साली त्याच ताकिकावात मात्सुओ नावाचं दुकान निघालं आणि सफरचंद-कांद्याच्या रसात मुरवलेलं मटण विकू लागलं. २००४ साली हा पदार्थ 'होक्काइदोचा वारसा' म्हणून रीतसर जाहीर झाला. आता तिथे मेंढ्या फारशा उरलेल्या नाहीत, बहुतेक मांस ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून येतं. म्हणजे लोकर ज्यांनी अडवली होती, त्यांच्याच कळपातून. थकबाकीची इतकी चविष्ट वसुली माझ्या उभ्या नोकरीत माझ्या पाहण्यात नाही.

धाग्याचा भाव पडला की काय काय विकायची पाळी येते, हे भिवंडीकराला कोणी समजावून द्यायला नको. आमच्या गावाची नाडी म्हणजे मागाची खटखट. मंदीच्या दिवसांत ज्यांनी बापजाद्यांचे माग भंगारात किलोच्या भावाने घातले, त्यांतले काही आमच्याच काउंटरवर ते पैसे भरायला आले होते. स्लिप भरून देताना मी मान वर केली नव्हती. लोखंड खाता येत नाही, एवढाच होक्काइदोत आणि आमच्यात फरक.

आणि मेंढ्यांसाठी इतकं लांब जायलाही नको. पावसाळा संपला की नगर-पुण्याकडचे धनगर घाट उतरून आमच्या तालुक्यातल्या, वाड्या-शहापुरातल्या शेतांत येतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतो. ही दख्खनी मेंढी. हिच्या जाडसर लोकरीची घोंगडी होते. घोंगड्या आता कोण घेतो? लोकरीला गिऱ्हाईक नाही म्हणून मेंढपाळाचं सगळं गणित कोकरावर आलेलं आहे. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळे मेंढीशी संकर करून जुळी देणारी 'नारी सुवर्णा' काढली, तीही ह्याच गणितासाठी. पुरवणीतल्या बाईंनी जिला 'उपलब्ध नसल्यास'च्या कंसात घातलं होतं, ती दर हिवाळ्यात माझ्या बँकेच्या रस्त्यावर ट्रॅफिक अडवून उभी असते. एवढी एक गोष्ट जरी त्यांनी लिहिली असती, तरी त्या पाककृतीला मातीचा वास आला असता.

तेव्हा दुसरा प्रयोग मेंढीचाच करायचा ठरलं. ठरवणं सोपं होतं. माझ्या वडिलांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या : वाचल्याशिवाय सही करू नकोस, आणि शेपूट बघितल्याशिवाय मटण घेऊ नकोस. शेपूट कशासाठी? बोकड म्हणून कोणी मेंढी गळ्यात मारू नये म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवहार ह्याच अविश्वासावर सुरळीत चालला आहे. आणि मी दुकानात जाऊन विचारलं, "चाचा, भेड का गोश्त है?"

चाचांनी सुरा खाली ठेवला. "साहब, पंद्रह साल से आप इधर आते हैं. कभी आपको भेड दिया मैंने?"

"नहीं दिया, इसीलिए तो माँग रहा हूँ."

"किसने बोला मैं भेड मिलाता हूँ? ये देखो, दुम देखो!"

माझ्या मागे उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी आपापल्या पिशव्या परत घडी घातल्या. प्रकरण हाताबाहेर जाण्याआधी मी घाईघाईने जपान, भाचा, सफरचंद आणि चंगीझखान ह्या क्रमाने खुलासा केला. चंगीझखानाशी चाचा थबकले. "उसके पोते ने बगदाद जलाया था, साहब. उसके नाम का खाना?" १२५८ साल, हुलागूखान. माझ्या कॉमर्सच्या डिग्रीत हे नव्हतं. शेवटी पंधरा वर्षांच्या ओळखीला स्मरून ते म्हणाले, "मँगवा देंगे. मगर काली थैली में ले जाना."

भाच्याने सांगितलेलं कृत्य असं. मांडीचं मांस, हाड काढून. ते फ्रीजरमध्ये अर्धवट गोठवायचं, म्हणजे सुरी नीट चालते, आणि पातळ काप काढायचे. जपानात यंत्र काढतं. मी दोन तास काढत होतो. पहिले काप लेजरच्या पुठ्ठ्याएवढे जाड, शेवटचे व्हाउचरइतके पातळ, मधले कॅरी फॉरवर्ड. एक किलोला एक सफरचंद, एक कांदा, दोन बोटं आलं, चार पाकळ्या लसूण, सगळं किसून. अर्धी वाटी सोया सॉस, दोन चमचे साखर. सॉस मात्र चायनीजच्या गाडीवरचा नाही. जपानी सॉस सोयाबीन आणि गहू महिनोन् महिने आंबवून करतात. तो मागवावा लागला. आमच्या तालुक्यात सगळ्या देशाच्या मालाची गोदामं आहेत. बाटली बहुधा माझ्या घरापासून सहा किलोमीटरवरच्या गोदामात असेल, पण ती चार दिवस 'मार्गस्थ' होती. मुरवणी तीन तास. पपई नाही, व्हिनेगर नाही, मध तर नाहीच. गोडी सफरचंदाची, आणि मांस हलकं करायचं काम आल्याकडे.

होक्काइदोत ह्या पदार्थावरून दोन पक्ष आहेत हे नोंदवायला हवं. ताकिकावावाले मुरवून भाजतात. साप्पोरोत साधं मांस भाजून मग सॉसमध्ये बुडवून खातात. आपल्याकडच्या वाटण-घाटण वादासारखंच हे आहे, आणि मी त्यात पडत नाही. आम्ही ताकिकावाचे.

भांड्याचा प्रश्न कन्येने सोडवला. हॉटेलबाहेर उलट्या कढईवर रुमाली रोटी भाजतात ती तिने रोज क्लासला जाताना पाहिलेली. "आपला भाकरीचा खोलगट तवा उलटा घाल ना, बाबा." आईला हे नवीन नव्हतं. "मांडे नाही का खापर पालथं घालून भाजत? त्यात काय जपान!" आजवर मी मांडे फक्त मनात खाल्ले होते. पण पालथ्या तव्याला कड नसते. चरबी आणि रस ओघळून निखाऱ्यावर जाणार. मग आईनेच घट्ट कणीक भिजवून तव्याच्या कडेने चांगला बोटभर उंच कठडा बांधला. इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणले. शेगडी गच्चीवर, विटांवर. सेक्रेटरी दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा ताटली घेऊन आले.

आता प्रत्यक्ष प्रयोग. तव्याच्या माथ्यावर चरबीचा गोळा ठेवायचा. तो वितळत उतरतो. कडेने कांदा, कोबी आणि मोड आलेले मूग. ("मुगाला मोड आणायला पोरगं एवढं लांब गेलं?") मध्ये मांसाचे काप. एक बाजू मिनिटभर, दुसरी अर्धा मिनिट, उचला, तोंडात टाका. साप्पोरोच्या विद्यापीठात पोरं हिरवळीवर शेगड्या मांडून असंच खातात, त्या मेजवानीला 'जिम्पा' म्हणतात, असं भाच्याने सांगितलं होतं. त्याने एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती, कदाचित त्याच्या लक्षातच आली नसेल. ती गच्चीवर माझ्या लक्षात आली.

आई डाव हातात घेऊन उभी होती.

"तुम्ही बसा, मी वाढते," ती म्हणाली. पण वाढायला काही नव्हतंच. पातेलं नव्हतं, घाणा नव्हता. ज्याचा काप त्याने ठेवायचा, त्याने परतायचा, त्याने उचलायचा. काप ताटात नेईपर्यंत गार होतो, म्हणून नेणं हा प्रकारच नाही. आई शेगडीभोवती दोन फेऱ्या मारून आली. जिन्याच्या तोंडाशी जाऊन उगाच खाली डोकावली. मग सौ. तिच्या हातातला डाव काढून घेत म्हणाली, "आई, इथे आपल्याला काम नाही हो. बसा." आणि स्वतःही बसली. बुटक्या स्टुलांवर, एका शेगडीभोवती, पाचही माणसं (पाचवे सेक्रेटरी) एकाच वेळी जेवायला बसली. ह्यापूर्वी असं कधी झालं होतं ते आठवायचा मी प्रयत्न केला. लग्नाच्या पंक्तीत होतं, पण तिथे आई आमच्या पंगतीत नसते.

चवीबद्दल समीक्षकाने भीडभाड ठेवू नये. मटणात गोड, हे मराठी जिभेला पटायला तीन-चार काप जावे लागतात. मेंढीच्या चरबीला एक उग्र वास असतो; सफरचंद तो झाकत नाही, नुसतं त्याच्याशेजारी जाऊन बसतं. आपला मसाला मांसाला तासभर शिजवून आपल्या धर्मात घेतो. इथे मांस मांसच राहतं. दुसरा दोष असा, की दहावा काप पहिल्यासारखाच लागतो. कथानक पुढे सरकत नाही. ते सरकतं शेवटी, जेव्हा उरलेली मुरवणी कडेच्या भाजीत ओततात आणि चरबी, कांदा, मूग, सोया ह्यांचा मिळून एक दाट रस होतो. जपानी त्यात शेवयांसारख्या जाड नूडल्स टाकतात. आम्ही दुपारचा भात टाकला. तिथे मात्र मी कॉमर्सवाला असूनही भरतमुनींना हात जोडले. आणि सगळ्यात उत्तम काय झालं असेल, तर तो कणकेचा कठडा. आतून चरबी प्यायलेला, बाहेरून कोळशावर खरपूस. कन्येने अर्धा एकटीने संपवला. मूळ संहितेत तो नाही. एवढं करून चव म्हणून ५५ गुण. आमच्या नेहमीच्या रश्शाला मी ८० देतो आणि तो निर्णय बदलायला तयार नाही.

पण पुरवणीतल्या बाईंशी माझं भांडण गुणांचं नाही. मिरिनऐवजी मध चालेल की नाही, हा बारीक मुद्दा आहे. मिरिन आम्हीही घातलं नाही. त्यांनी सगळ्या वस्तूंना पर्याय दिले, आणि ह्या पदार्थाचं जे मुख्य साहित्य, मधोमध ठेवलेला विस्तव आणि त्याच्याभोवती बसलेली माणसं, तेच यादीतून गाळलं. ते गाळून पदार्थ स्वयंपाकघरात नेला आणि 'गरमागरम सर्व्ह करा' म्हणून पुन्हा त्याच बाईच्या हातात दिला. आमच्याकडे पहिल्या रविवारी नेमकं तेच झालं होतं.

तर गच्चीवर. आईने आपला पहिला काप स्वतः ठेवला, स्वतः उलटला. डोळे बारीक करून, मोठ्या संशयाने. मग चिमट्याने उचलून थेट तोंडात घातला आणि "हाऽऽ" करून तोंडासमोर हात हलवायला लागली.

"काय झालं?" सौ. घाबरली.

"भाजलं," आई म्हणाली. "जीभ भाजली." मग हसायलाच लागली. "अगं, मेलं माझं तोंड कधी भाजलंच नव्हतं मटणाने!" पाणी प्यायली आणि दुसरा काप ठेवला. त्याच्यानंतर मी मोजायचं सोडलं.

रात्री बहिणीचा फोन आला. मी मोरीत तवा घासत होतो. साखर आणि सोया एकत्र जळले की लोखंडाशी जन्माची गाठ बांधतात. तारेची घासणी, राख, लिंबाची साल, सगळं झालं होतं. बाहेरून आईचा आवाज ऐकू येत होता.

"गोड होतं गं. हो, मेंढीचंच... नाही, खोकला नाही कुणाला. पण गरम होतं... अगं, म्हणजे मीही गरम खाल्लं... तवा? तवा हा घासतोय... हाच गं! दुसरा कोण?"